मागच्या फाटकातून सुटलेली गाडी

बायको: मग? काय म्हणाले?

मिस्त्री: कोण बोलतंय, म्हणाले.

बायको: आणि तुम्ही काय सांगितलंत?

मिस्त्री: फोन ठेवला.

बायको: ठेवला?

मिस्त्री: अगं, कसंबसं म्हणालो, पहिल्या रांगेतली पहिली गाडी बाहेर काढू नका, तिचे ब्रेक लागणार नाहीत. तिकडून साहेब एकदम ओरडले, "कोण बोलतंय? धमकी देतोस?" झेरॉक्सवाला टकामका माझ्याकडे बघायला लागला. ठेवला मी.

बायको: म्हणजे झेरॉक्सवाल्याच्या दुकानातून केलात? स्वतःचा फोन खिशात असताना?

मिस्त्री: माझ्या फोनवरून केला असता तर नंबर नसता का दिसला?

बायको: मग दिसू दे की! नऊ दिवस संपावर असलेला माणूस दुसऱ्याच्या फोनवरून, नाव न सांगता म्हणतो की ब्रेक लागणार नाहीत. धमकीच वाटणार ना. मलासुद्धा वाटली असती.

मिस्त्री: ते आता कळतंय गं. तेव्हा डोकंच चालेना.

बायको: बसा आधी. आणि नीट पहिल्यापासून सांगा. मघाशी पेपर वाचता वाचता तोंड पांढरंफटक पडलं, चप्पल अडकवली आणि पळालात. मला वाटलं, कोणी गेलं की काय.

मिस्त्री: पेपरात आलंय, आज दोन वाजल्यापासून डेपोतून गाड्या काढणार. बाहेरचे ड्रायव्हर आणलेत, कंत्राटावर.

बायको: ते मला ठाऊक आहे. आमच्या दवाखान्यानेच मागितल्यात गाड्या, पाळीवरच्या लोकांसाठी. त्यात एवढं काय?

मिस्त्री: आपल्या डेपोतला कुठलाही ड्रायव्हर असता ना, तर मी खुशाल चहा पीत बसलो असतो. आमच्याकडे गाडीचं काम अर्धवट राहिलं की स्टिअरिंगला लाल फडकं बांधतात. बांधलं की संपलं, त्या गाडीला कोणी बोट लावत नाही. बावीस वर्षांत लावलेलं नाही.

बायको: वहीत लिहीत नाही तुम्ही?

मिस्त्री: वहीत लिहिलं की गाडी बंद म्हणून मोजतात. मग वरून विचारणा, मग साहेबांची बोलणी. त्यापेक्षा फडकं बरं. जुन्या साहेबांनाही ते सोयीचंच होतं. हे नवे आले सहा महिन्यांपूर्वी, ह्यांना कागदावर नाही ते दिसतच नाही. आणि बाहेरून आलेला ड्रायव्हर? तो फडकं सोडणार आणि त्यानेच काच पुसणार.

बायको: काय काढलंय त्या गाडीचं?

मिस्त्री: मागचे ब्रेक.

बायको: अहो!

मिस्त्री: दोन्ही चाकांचे. लायनर पार झिजले होते, मी काढून टाकले. नवे स्टोअरमधून यायचे होते, तेवढ्यात संप झाला.

बायको: म्हणजे गाडी थांबतच नाही?

मिस्त्री: थांबते. पुढच्या दोन चाकांवर थांबते. गाडी रिकामी, रस्ता सपाट, तोपर्यंत ड्रायव्हरला वाटेल, जुनी गाडी आहे, जरा जड आहे. पण पन्नास माणसं भरली आणि पाण्याच्या टाकीपासून खाली उतरायला लागली, तर... नाही गं. मला नाही बोलवत.

बायको: खाली तर पूल आहे. आणि पुलाच्या तोंडाशी भाजीवाले.

मिस्त्री: म्हणूनच म्हणतो, नाही बोलवत.

बायको: आणि अशी गाडी पहिल्या रांगेत गेली कशी? ती खड्ड्यावर असायला हवी होती ना, तुम्ही खाली उतरून काम करता तिथे?

मिस्त्री: खड्ड्यावरच होती. तुझ्या भावाला विचार.

मेहुणा: काय विचारायचंय भावाला? आणि दार काय सताड उघडं ठेवलंय, ताई? खाली पोलिसांची जीप घिरट्या घालतेय.

बायको: पोलीस? कशाला?

मेहुणा: कोणीतरी दीडशहाण्याने डेपोत फोन केला. गाड्यांचे ब्रेक फेल करू, म्हणाला म्हणे. आता संपावरचा एकेक जण शोधताहेत. दाजी, उद्या बोलणी ठरलीत! नऊ दिवसांनी पहिल्यांदा त्यांनी आम्हाला समोर खुर्ची दिलीय, आणि आज हे! तो गाढव एकदा सापडू दे मला.

मिस्त्री: सापडला.

मेहुणा: काय?

मिस्त्री: मीच तो गाढव.

मेहुणा: दाजी, थट्टेची वेळ नाही ही.

बायको: थट्टा नाही रे बाळ्या. संपाच्या आदल्या दिवशी खड्डे रिकामे करायला ह्यांना कोणी सांगितलं होतं?

मेहुणा: मी. सगळ्या गाड्या ओळीत लावून फोटो काढायचा होता. पेपरात दिला ना आम्ही. बघा, कामगारांनी एका गाडीलाही नख लावलेलं नाही, सगळ्या ठणठणीत ठेवून बाहेर पडले. का?

मिस्त्री: त्या फोटोत डावीकडून पहिली गाडी आहे ना, खड्ड्यावरून शेवटची निघाली ती. तिला मागचे ब्रेक नाहीत.

मेहुणा: आणि हे मला आज सांगताय?

मिस्त्री: तेव्हाही सांगितलं होतं. तू घोषणांच्या नादात. म्हणालास, फडकं बांधलंय ना, मग झालं तर. मीही म्हटलं, झालं तर.

मेहुणा: बरं, ऐका. हे ह्या खोलीबाहेर जाता कामा नये. कळलं? तुम्ही फोन केला नाही, तुम्ही झेरॉक्सवाल्याकडे गेलाच नाहीत.

मिस्त्री: मी फाटकावर निघालोय. तोंडावर सांगतो साहेबांना.

मेहुणा: फाटकावर? दाजी, तिथे आपली तीनशे माणसं बसलीत. त्यांच्या देखत तुम्ही आत जाणार? तुम्हाला फुटला म्हणतील. आणि आत गेल्यावर साहेब काय पाट मांडतील तुमच्यासाठी? मुद्दाम ब्रेक काढले, म्हणून आत टाकतील. टायर फोडले म्हणून आपल्यातल्या दोघांना उचललंय, अजून सुटले नाहीत. तुम्हाला तर पन्नास माणसांच्या जिवावर उठला म्हणतील.

मिस्त्री: मला भीती वाटत नाही असं वाटतंय का तुला? पण गाडी दोनला निघणार आहे. आत्ता साडेबारा वाजताहेत.

मेहुणा: मी बघतो काहीतरी. फाटक अडवू. एकही गाडी बाहेर पडणार नाही, मग तर झालं?

बायको: आणि उद्या? परवा? रोज अडवणार?

मेहुणा: ताई, तू मध्ये बोलू नकोस. आणि तू ह्या वेळेला दवाखान्याचा गणवेश घालून घरात कशी? चालत जायचं तर बाराला निघतेस.

बायको: आज चालत जाणार नव्हते.

मेहुणा: म्हणजे?

बायको: म्हणजे सव्वादोनला नाक्यावर गाडी येणार होती. तीनच्या पाळीची.

मेहुणा: ताई! सख्ख्या भावाचा संप, सख्ख्या नवऱ्याचा संप, आणि तू त्या गाडीत बसणार?

बायको: हो, बसणार होते! आठ दिवस गेले-आले पायी. टाचा बघ, फोड येऊन फुटले. वॉर्डात आठ तास उभी राहते मी, तुझ्यासारखी सतरंजीवर बसून घोषणा नाही देत. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तोंड उघडलं असतं तर तुम्ही दोघं मिळून डोकं खाल्लं असतं.

मिस्त्री: तू... त्याच गाडीत बसणार होतीस?

बायको: मला काय माहीत, कुठली गाडी येणार ते!

मिस्त्री: रांगेतली पहिलीच निघणार की गं. तुला मला सांगता नाही आलं?

बायको: तुम्हाला ब्रेकचं मला सांगता आलं होतं?

मिस्त्री: सरक बाळ्या. मी चाललो.

मेहुणा: थांबा दाजी. थांबा. आणखी एक आहे.

मिस्त्री: आता काय राहिलं?

मेहुणा: ते फडकं नाहीये तिथे.

मिस्त्री: म्हणजे?

मेहुणा: फोटोत ते लालभडक दिसत होतं, समोरच. ठणठणीत गाड्या म्हणायचं आणि पहिल्याच गाडीला फडकं. कोणीतरी जाणता माणूस बोट दाखवेल, म्हणून मी सोडलं. पुन्हा बांधणार होतो. मग भाषणं सुरू झाली, खिशात राहिलं. आठवलं तेव्हा फाटक बंद झालं होतं. म्हटलं, गाड्या निघणारच नाहीत तर कशाला...

बायको: बाळ्या, अरे काय केलंस हे!

मेहुणा: बाहेरचे ड्रायव्हर येणार अशी कुजबुज ऐकल्यापासून चार दिवस झोप नाही मला, ताई. रोज वाटतं, दाजींना सांगावं. तोंडच होत नाही. थांबा, फोन वाजतोय. फाटकावरून आहे. हां, बोल... काय? कधी?... मागच्या फाटकातून? दोनला काढणार होते ना?... किती? एकच? कुठली गाडी?... रांगेतली कुठली, ते विचारतोय मी! ...बरं. ठेव.

मिस्त्री: पहिली?

मेहुणा: पहिली. आम्हाला चुकवायला बाराच्या ठोक्यालाच काढली, थांब्याथांब्यावर फोन करून माणसं बोलावताहेत म्हणे. पोलिसांच्या जीपमागून.

बायको: अर्धा तास झाला म्हणजे. मावशी आहे त्यात. माझ्या वॉर्डातली मावशी, डेपोच्या मागच्या गल्लीत राहते, पहिल्याच थांब्यावर चढली असणार. थांबा, तिला लावते.

मिस्त्री: लाव, लाव पटकन.

बायको: रिंग जातेय. उचल गं बाई... मावशी? मी बोलतेय. तू गाडीत आहेस का?... ऐक, आवाज येत नाही. गाडी कुठे आलीय?... टाकीचा चढ? अर्ध्यात?... मावशी, मी काय सांगते ते ऐक, का म्हणून विचारू नकोस. उठ आणि पुढे जा. टाकीच्या थांब्यावर तो माणसं घ्यायला थांबेल ना, तिथून गाडी पुढे न्यायची नाही. त्याला सांग. तुझ्या नातवंडांची शप्पथ घालते तुला... हो, मला वेड लागलंय. तू जा पुढे... थांबली? मग त्याच्या कानाला लाव फोन. नाही घेत म्हणाला, तरी लाव.

(ती फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर मधोमध ठेवते.)

ड्रायव्हर: कोण आहे? काय पाहिजे तुम्हाला?

मिस्त्री: मी डेपोतला मिस्त्री बोलतोय. गाडी पुढे नेऊ नका. तिचे मागचे ब्रेक मी काढलेले आहेत.

ड्रायव्हर: म्हणजे धमकीचा फोन करणारे तुम्हीच.

मिस्त्री: फोन मीच केला. धमकी नव्हती हो ती.

ड्रायव्हर: साहेबांनी सांगितलंय, फोन येतील, लोक आडवे येतील, गाडी थांबवायची नाही. इथे थांबलो की तुमची माणसं येणार. सकाळी आम्हाला डेपोत आणताना एकाने खिडकीला तोंड लावून सांगितलंय मला, हातपाय मोडून ठेवू म्हणून. मघाशी चौकात दगड मारलेत. पोलिसांची जीप चौकातूनच परत गेली. मी चाललो.

मिस्त्री: ब्रेकवरचा पाय काढू नका! एक मिनिट. फक्त एक विचारतो, मग हवं तर जा. मघापासून ब्रेक दाबलात की गाडी पुढे नाक खुपसते ना? मागून काहीच धरत नाही, असं वाटतं?

ड्रायव्हर: जुनी गाडी आहे.

मिस्त्री: जुन्या गाडीचे मागचे ब्रेक किरकिरतात. मागून एकदा तरी आवाज आला का? तुम्ही ड्रायव्हर आहात, तुमचा कान सांगेल. आला?

ड्रायव्हर: ...नाही.

मिस्त्री: कुठे तरी थांबायला उशीर झाला असेल.

ड्रायव्हर: चौकात. पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे गेली. एक म्हातारा जेमतेम वाचला. मला वाटलं, माझाच पाय घाबरून नीट पडत नाही. सकाळपासून कापतोय तो.

मिस्त्री: तुमचा पाय बरोबर आहे. गाडीत खोट आहे.

ड्रायव्हर: आई गं. अहो, समोर सगळा उतार आहे. गाडीचं तोंड उताराकडेच आहे.

मिस्त्री: ठाऊक आहे. हँडब्रेक ओढलाय?

ड्रायव्हर: ओढलाय.

मिस्त्री: त्याच्या भरवशावर राहू नका. तो मागच्याच चाकांवर लागतो. पाय आहे तिथेच ठेवा. इंजिन चालू राहू दे. किती माणसं आहेत?

ड्रायव्हर: पंचेचाळीस तरी असतील. उतरा म्हणू त्यांना?

मिस्त्री: म्हणा, पण ओरडू नका. इथवरच आहे गाडी, एवढंच सांगा. एकेक करून. उड्या मारायच्या नाहीत. आणि पुढच्या चाकांना अडकवायला काही आहे का? दगड, ओंडका, काहीही.

ड्रायव्हर: दगड आहेत. गाडीतच आहेत दोन. चौकात काच फोडून आत आले ते. एक चांगला डोक्याएवढा आहे.

मिस्त्री: मावशीकडे द्या. तिला आणि आणखी एकीला सांगा, पुढच्या चाकांच्या पुढून सारायचे. बाजूला उभं राहून, पायाने. चाकासमोर कोणी वाकायचं नाही.

बायको: बाळ्या, तू का तोंड लपवून बसलायस?

मेहुणा: त्या चौकात दगड मारणारी पोरं माझीच होती, ताई.

मिस्त्री: तू रड नंतर. मला टाकीच्या टेकडीवर सोड. माझी पेटी घेतो, लाकडी ठोकळे घेतो, ते पक्के बसतील. आणि साहेबांना फोन करतो. माझ्या फोनवरून.

मेहुणा: मग बोलणी गेली उद्याची. फोटो खोटा ठरणार. मला संघटनेतून काढतील, आणि तुम्हाला...

मिस्त्री: मला काय होईल ते होईल. येतोस की रिक्षा बघू? रिक्षा तरी कुठल्या आज.

मेहुणा: येतो. फडक्याचं मी सांगेन. तुम्ही नाही सांगायचं. हॅलो, ड्रायव्हर? मी कामगार संघटनेचा सेक्रेटरी. आम्ही दोघं निघालोय. तुला कोणी हात लावणार नाही.

ड्रायव्हर: हा आवाज ओळखतो मी. सकाळी खिडकीला तोंड लावणारे तुम्हीच.

मेहुणा: ...हो. मीच.

ड्रायव्हर: मग तुम्ही येऊ नका. मिस्त्रींना पाठवा.

मेहुणा: स्कूटर माझी आहे रे बाबा. मी लांब उभा राहतो. टेकडीवर पोरं आलीच, तर मी असलेलं बरं. ती माझंच ऐकतात. दाजी, चला.

बायको: अहो, जीप खाली उभी आहे अजून.

मिस्त्री: त्यांनाही सांगतो, या मागोमाग. उताराच्या खालचा रस्ता मोकळा करायला कोणीतरी हवंच. अगं...

बायको: काय?

मिस्त्री: तू त्यात बसली असतीस.

बायको: नाही ना बसले. जा तुम्ही. पळा.

ड्रायव्हर: हॅलो? आहे का कोणी?

बायको: आहे. निघाले दोघंही. दहा मिनिटांत पोचतील.

ड्रायव्हर: माणसं उतरली सगळी. दगड लावले त्या बायकांनी. मावशी फोन माझ्याकडेच ठेवून गेल्या, पाळी सुटल्यावर घेईन म्हणाल्या. शिव्या घातल्या मला आणि डब्यातलं अर्धं जेवण समोर ठेवून गेल्या.

बायको: ती तशीच आहे. मग झालं ना? दगड लागलेत, आता उतरा तुम्हीही.

ड्रायव्हर: पाय निघत नाहीये.

बायको: दुखतोय?

ड्रायव्हर: दुखत नाही. मी काढ म्हणतो, तो निघत नाही. वाटतं, काढला आणि दगड सरकला तर? काचेतून खालचं सगळं दिसतंय. भाजीवाले बसलेत. पुलावर एक बाई दोन मुलांना घेऊन उभी आहे, हलतच नाही तिथून.

बायको: मग नका काढू. मिस्त्री येऊन ठोकळे लावतील, तेव्हा काढा. कोणी घाई करत नाहीये तुम्हाला.

ड्रायव्हर: तुम्ही फोन ठेवणार नाही ना, ताई?

बायको: नाही ठेवत. घरी कोण कोण असतं तुमच्या, सांगा बघू.

ड्रायव्हर: बायको. पाचवा महिना चालू आहे तिला. मी गाडीवर जातोय हे तिला माहीत नाही. कामाची चौकशी करून येतो म्हणून निघालो.

बायको: संध्याकाळी घरी जाल तेव्हा सगळं सांगा तिला. आता माझ्याशी बोला.